कानडी पदे, गुजराती बावनी आणि पाद्रीबाबांचे मराठी पुराण



गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्यांना सायंदेवाच्या कथेतील ती जागा चांगली ठाऊक असते. ओव्या एका लयीत चाललेल्या असतात, जीभ सरावलेली असते, आणि अचानक कानडी पदे समोर येतात. कितीही वर्षे पारायण केलेला मनुष्य तिथे जरा हळू होतो. कोणी अक्षर न् अक्षर लावून वाचतो, कोणी पोथीला नमस्कार करून कसाबसा पुढे सरकतो. अर्थ विचाराल तर बहुतेकांना सांगता येणार नाही. पण ती पदे गाळून टाकावीत असे कोणी सुचवल्याचे आजवर माझ्या ऐकण्यात नाही.

ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर हे कडगंचीचे, म्हणजे कानडी मुलखातले. घरची बोली कानडी. सायंदेव हे त्यांचे पूर्वज. श्रीगुरूंचे चरित्र सांगायला बसले तेव्हा त्यांनी मराठी ओवी घेतली, आणि पूर्वजाच्या तोंडची स्तुती मात्र कानडीतच राहू दिली. विचार केला तर आपल्या संप्रदायाचा नकाशाच मुळी एका भाषेचा नाही. श्रीपाद श्रीवल्लभ पीठापूरचे, तो तेलुगु मुलूख. त्यांचे कुरवपूर कृष्णेच्या बेटावर, तिथे तेलुगु आणि कानडी दोन्ही. नृसिंह सरस्वती वऱ्हाडातल्या कारंज्याचे, संन्यास घेतला काशीला, राहिले औदुंबरला, वाडीला आणि शेवटी गाणगापूरला. इतक्या मुलखांतून फिरलेला उपदेश एकाच भाषेत बांधून ठेवता आला असता का, हे आपणच बघा.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे कारण असे की गेल्या चातुर्मासात आपल्या मंदिरात मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू करायचे ठरले. मुले बहुतेक इंग्रजी शाळेतली. काहींचे आईवडील सुट्टीपुरते परदेशातून आलेले. त्यांना गुरुचरित्र सांगायचे तर कसे? आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "पोथी ती पोथी. काना-मात्रा बदलायची नाही. समजत नसेल तर शिकतील मराठी." एक तरुण आई म्हणाल्या, "काका, तोपर्यंत ती येणंच बंद करतील. सरळ इंग्रजीत गोष्टी सांगा." दोघांचेही म्हणणे मला त्या वेळी पटले, म्हणजे खरे तर कोणतेच पुरते पटले नाही. घरी आल्यावर जे वाचलेले होते ते पुन्हा काढून बघितले. त्यातून हा लेख.

धर्माचा विचार एका लोकांकडून दुसऱ्या लोकांकडे नेणे म्हणजे चलन बदलण्यासारखे आहे. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला दुसरी उपमा कुठून सुचणार! परदेशी नोटा काउंटरवर आल्या की त्या दिवशीचा दर बघायचा, रुपये मोजून द्यायचे, कमिशन कापायचे. नोटेवरचे चित्र बदलते, आकार बदलतो, मूल्य मात्र तेवढेच उतरले पाहिजे. कमिशन थोडे जातेच. किती जाऊ द्यायचे, हा प्रश्न.

हा व्यवहार सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि सर्वांत विचारपूर्वक ज्यांनी मराठीत केला ते आपल्या संप्रदायाचे नव्हते, हिंदूही नव्हते. ते एक इंग्रज पाद्री होते. फादर थॉमस स्टीफन्स. त्यांच्या ख्रिस्तपुराणाचे नाव आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेले असेल, त्यातली मराठी भाषेची स्तुतीही वाचलेली असेल. हिऱ्याची, मोगऱ्याची, कस्तुरीची उपमा त्यांनी मराठीला दिली, एवढे लक्षात राहते आणि आपण मनातल्या मनात सुखावून पुढे जातो. पण ती स्तुती कोणत्या कामासाठी, कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली ते सहसा कोणी सांगत नाही.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक माणसाला सुखाने राहणे अवघड होते. ते देश सोडून रोमला गेले, जेझुइट संघात शिरले, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून जहाजात बसले आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरले. ईस्ट इंडिया कंपनी निघायला तेव्हा अजून एकवीस वर्षे होती. इंग्लंडात वडिलांना त्यांनी प्रवासाची हकीकत कळवणारे पत्र लिहिले, ते आजही उपलब्ध आहे. पुन्हा मायदेशी ते कधी गेले नाहीत. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांनी देह ठेवला. चाळीस वर्षे झाली, त्यांतली बरीचशी साष्टी प्रांतात गेली.

साष्टी म्हणजे आजच्या मडगावच्या आसपासचा मुलूख. स्टीफन्स येण्याच्या बारा वर्षे आधी, १५६७ मध्ये, तिथली देवळे पोर्तुगीजांनी पाडली होती. कवळ्याची श्रीशांतादुर्गा मूळची केळशीची, आणि मंगेशीचा श्रीमंगेश मूळचा कुशस्थळीचा, ज्याला आज कुठ्ठाळी म्हणतात, हे आपल्याकडच्या अनेक कुळांना परंपरेने माहीत आहे. रात्री देव डोक्यावर घेऊन नदीपलीकडे गेलेल्यांची ती वंशावळ. जे मागे राहिले त्यांतले पुष्कळ ख्रिस्ती झाले. पोथ्या बाळगायला बंदी, पुराण सांगायला बंदी. १५८३ साली कुंकळ्ळीला लोक उठले, पाच जेझुइट मारले गेले. त्यांतले रुदोल्फ आक्वाविवा हे अकबर बादशहाच्या दरबारी राहून आलेले. त्याचा सूड म्हणून कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स यांना येऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. अशा जागी, अशा वेळी हा मनुष्य भाषा शिकत होता.

आता ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग पाहा. देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, रविवारी धर्मशिक्षण चालले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो. त्याच्या म्हणण्याचा भाव असा की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का करून देत नाही?

हा प्रश्न मला फार मोठा वाटतो. धर्म बदलला होता, पण कान तोच होता. संध्याकाळी दिवा लागल्यावर कोणीतरी ओवी म्हणावी, कोणीतरी अर्थ सांगावा, बायकामाणसांनी ओट्याच्या कडेला बसून ऐकावे, ही शेकडो वर्षांची सवय. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ती धुतली गेली नव्हती. चर्चमधली लॅटिन प्रार्थना त्या कानाला काय सांगणार? संध्याकाळ रिकामी झाली होती. स्टीफन्स यांचे मोठेपण असे की हे रिकामेपण त्यांना ऐकू आले, आणि ते त्या ब्राह्मणाच्या तोंडी घालून त्यांनी ग्रंथातच नोंदवले.

मग काय, त्यांनी खरोखरच पुराण लिहिले. १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूर येथे ते छापले. म्हणजे गोव्यात सदतीस वर्षे काढल्यावर, वयाच्या सदुसष्टीच्या सुमारास. (आमच्या वयाची मंडळी पेन्शनचा हयातीचा दाखला वेळेवर दिला तरी मोठे काम केले समजतात.) दोन भाग केले. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, छत्तीस अवस्वरूंत. अवस्वरू म्हणजे आपला अध्याय. दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र, एकोणसाठ अवस्वरूंत. एकूण ओव्या १०,९६२. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, यावरून अंदाज करा. एकनाथ महाराज समाधिस्थ होऊन सतराच वर्षे झाली होती, तुकोबा आठ वर्षांचे होते.

आरंभी मंगलाचरण आहे, नमन आहे. जसे आपल्या प्रत्येक पोथीत असते तसेच, फक्त नमन गणपतीला नाही. श्रोते प्रश्न विचारतात, गुरू उत्तर देतात, कथेतून उपकथा निघते. ज्याने नामधारक आणि सिद्धमुनींचा संवाद ऐकलेला आहे त्याला ही मांडणी अगदी घरची वाटेल.

भाषेची निवड पाहिली की या माणसाच्या हिशेबाची कमाल वाटते. साष्टीतले लोक घरी कोंकणी बोलत. स्टीफन्स यांना कोंकणी उत्तम येत होती. कोंकणीचे पहिले व्याकरण त्यांनीच लिहिले, ते त्यांच्या मागे १६४० मध्ये छापले गेले. प्रश्नोत्तरांच्या रूपातले ख्रिस्ती धर्माचे लहानसे पुस्तकही त्यांनी कोंकणीत केले, तेही मागाहून १६२२ मध्ये निघाले. म्हणजे रोजच्या शिकवणीला रोजची बोली. पण पुराण मात्र मराठीत. कारण त्या लोकांच्या कानाला पुराण मराठीतच ऐकायची सवय होती. पुन्हा जुनी मराठी साध्या माणसाला जड जाईल म्हणून तिच्यात तिथल्या बोलीचे सोपे शब्द मिसळले, आणि तसे केल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगून ठेवले. कोणत्या कामाला कोणती भाषा, हा भेद आपल्याकडेही आहेच. संकल्प संस्कृतात सोडतो, आरती मराठीत म्हणतो, आणि देवाशी भांडायचे असेल तेव्हा गावच्या बोलीत भांडतो.

शब्दांच्या बाबतीत त्यांनी काय केले ते मी मुद्दाम बारकाईने पाहिले. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. वैकुंठ हे विष्णूचे स्थान, हे त्यांना माहीत नसेल असे कसे म्हणावे? तरीही तो शब्द घेतला. 'पुराण', 'शास्त्र', 'गुरू', 'परमेश्वर' हे घेतले. मरियेला 'अंकवारी' म्हटले, म्हणजे कुमारी. पण बाप्तिस्म्याला त्यांनी स्नान किंवा तीर्थ म्हटले नाही, मूळचाच शब्द ठेवला. 'स्पिरिता सांत', म्हणजे पवित्र आत्मा, हेही परकेच ठेवले. माझा तर्क असा, की जिथे ऐकणाऱ्याचे मन उचलून घ्यायचे होते तिथे त्यांनी आपला शब्द टाकून त्याचा घेतला. जिथे ऐकणारा "हे तर आमचेच" म्हणून जुन्या अर्थाने गैरसमज करून घेईल अशी भीती होती, तिथे परका शब्द तसाच राहू दिला, मग तो टोचला तरी चालेल. चलन बदलायला आलेल्या माणसाने काही सोन्याची नाणी मात्र बदलायची नाहीत म्हणून वेगळी बांधून ठेवावीत, तसे.

लिपीने मात्र त्यांना दगा दिला. आपली अक्षरे छापायची त्यांची फार इच्छा होती. १६०८ मध्ये रोमला, संघाच्या प्रमुखांना, त्यांनी पत्र लिहिले. या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापावीत असे अनेक वर्षे मनात आहे, पण युरोपात चोवीस अक्षरांवर काम भागते, इथे काना-मात्रा-जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, असा त्यांच्या अडचणीचा आशय होता. ते जमले नाही. ख्रिस्तपुराण मराठी, पण छापले गेले रोमन लिपीत. ण, ळ, ट, ड यांच्यासाठी रोमनमध्ये अक्षर नाही, म्हणून तेच अक्षर दोनदा लिहायची युक्ती वापरली. 'पुराण' लिहायचे तर शेवटी दोन एन. गोव्यातली रोमन लिपीतली कोंकणी आजही हीच युक्ती वापरते.

पुस्तकाची पुढची हकीकत सांगतो आणि मग मला खटकणारी गोष्ट सांगतो. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, त्यांतली एकही प्रत आज हाती नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावे. ज्या भाषेला पाद्रीबाबांनी हिऱ्याची उपमा दिली होती, तिच्या घराण्यातल्या बोलीवर त्यांच्याच राज्यकर्त्यांनी बंदी आणली. तरी लोकांनी हाताने नकला केल्या. गोवा सोडून दक्षिणेकडे मंगळूर भागात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या नकला बरोबर नेल्या, आणि १९०७ मध्ये मंगळूरलाच अशा हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा छापला गेला. जोसेफ साल्ढाणा यांनी ते काम केले. देवनागरी अक्षरांत तो १९५६ मध्ये पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने काढला, शांताराम बंडेलू यांनी संपादून. म्हणजे पाद्रीबाबांची अक्षरांची इच्छा पुरी व्हायला तीनशे चाळीस वर्षे लागली.

खटकणारी गोष्ट ही, की त्या ब्राह्मणाच्या प्रश्नातले पहिले अर्धे वाक्य विसरता येत नाही. "आमची पुराणे तुम्ही बंद केलीत." आधी संध्याकाळ रिकामी केली गेली, मग ती भरायला पुराण आले. स्टीफन्स यांचे मराठीवरचे प्रेम खरे होते यात मला तिळमात्र शंका नाही. सदतीस वर्षे आणि अकरा हजार ओव्या हा काही देखावा नव्हे. पण त्यांच्या पाठीशी किल्ला होता, तोफा होत्या, हुकूम होते. ओवी गोड होती, तरी ऐकणाऱ्याला "नको" म्हणण्याची मुभा किती होती? गोव्यातल्या ख्रिस्ती बांधवांबद्दल मनात काही धरून मी हे लिहीत नाही. त्यांच्या पूर्वजांनी जे सोसले आणि तरीही ओवी हातची जाऊ दिली नाही, त्याचा उलट आदरच वाटतो. पण दुसऱ्याच्या घरात आपला विचार न्यायचा तर दार ठोठवून जायचे की दार काढून टाकायचे, हा फरक हिशेबात घ्यावाच लागतो.

त्याच सुमारास रॉबर्टो दी नोबिली नावाचे इटालियन पाद्री १६०६ मध्ये मदुराईला गेले. त्यांनी भाषेबरोबर वेषही बदलला. संन्याशासारखी वस्त्रे, शाकाहार, तमिळ आणि संस्कृतचा अभ्यास. नव्या ख्रिस्ती ब्राह्मणांना जानवे आणि शेंडी ठेवू द्यावी असे ते म्हणत. त्यावर त्यांच्याच लोकांनी काहूर केले, आणि शेवटी १६२३ मध्ये पोपने परवानगी दिली. काय बदलायचे आणि काय नाही यावर भांडण फक्त आपल्याच मंदिराच्या सभेत होते असे नाही, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता आपल्या घरी येऊ. प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांनी गुरुचरित्राचे काय केले बघा. दोन हजार श्लोकांत संस्कृतात आणले, ते द्विसाहस्री. ज्यांना वेळ नाही, शक्ती नाही, अशांसाठी मराठीत सातशे ओव्यांत बसवले, ते सप्तशती. मूळ पोथी आहे तशीच राहिली, शेजारी दोन वाटा निघाल्या. स्वामी महाराज माणगावचे, म्हणजे सावंतवाडीकडचे, आणि समाधी १९१४ मध्ये गुजरातेत गरुडेश्वरला, नर्मदेच्या काठी. तिथून जवळच नर्मदेवरच नारेश्वर, आणि नारेश्वर म्हटले की श्रीरंग अवधूत महाराज.

अवधूत महाराज मराठी घराण्यातले, पांडुरंग विठ्ठल वळामे हे पूर्वाश्रमीचे नाव, जन्म १८९८ चा गोध्र्याला. घरात मराठी, बाहेर गुजराती. १९३५ मध्ये कलोलजवळच्या सईज गावी त्यांनी दत्तबावनी रचली. बावन्न ओळी, गुजरातीत. गुरुचरित्र ज्याने ऐकले आहे त्याला त्या बावन्न ओळींत ओळखीची माणसे भेटत जातात. वांझ म्हशीला दूध येते, साठीच्या वंध्येची कूस उजवते, विणकरी क्षणात श्रीशैलाला पोचतो, दिवाळीला महाराज एकाच वेळी आठ ठिकाणी असतात. ज्या प्रसंगाला पोथीत पाऊणशे ओव्या लागल्या तो इथे अर्ध्या ओळीत येतो. गुजराती माणसाला गुरुचरित्राचा सप्ताह जमेल का, सोवळे सांभाळेल का, मराठी समजेल का, याची वाट महाराज बघत बसले नाहीत. त्याच्या जिभेवर बसेल अशा चालीत, त्याच्या भाषेत, त्याच्या वेळेच्या मापात दिले.

आणि पुढची गंमत पाहा. तीच गुजराती बावनी आज मराठी घरांत म्हटली जाते. आपल्याच मंदिरात गुरुवारी आरतीनंतर म्हणतात. भाषांतर करून नव्हे, गुजरातीच, देवनागरीत छापलेली. कितीतरी भगिनींना ती तोंडपाठ आहे आणि त्यांतल्या बहुतेकींना गुजराती येत नाही. तिला सोवळ्याची, सप्ताहाची अट नाही. स्वयंपाक करताना, लोकलमध्ये उभ्याने, दवाखान्यातल्या बाकावर, कुठेही म्हणता येते. मराठीतून कथा गुजरातीत गेली आणि गुजराती वेष घालून परत माहेरी आली. तिच्यासाठी कोणी हुकूम काढला नव्हता, कोणाची पोथी बंद केली नव्हती.

माझी नात कॅनडात असते, वय नऊ. मराठी बोलते, वाचता येत नाही. सुनेने तिला बावनी रोमन अक्षरांत लिहून दिली आहे, ती ते बघून म्हणते. फोनवर ऐकताना 'ळ' चा 'ल' आणि 'ण' चा 'न' झालेला कळतो. सुनेला मी स्टीफन्स यांची दोन एनची युक्ती सांगितली. तिने 'ण' साठी दोन एन आणि 'ळ' साठी दोन एल असे सगळे पुन्हा लिहून काढले, आणि दोन आठवड्यांत उच्चारात पुष्कळ सुधारणा झाली. सोळाशे सोळा सालच्या छापखान्यातली सोय टोरांटोत कामाला आली. पाद्रीबाबांना हे कळते तर त्यांना काय वाटले असते कोण जाणे. कदाचित फारसे आवडले नसते.

रविवारच्या वर्गाचे आम्ही शेवटी असे ठरवले. पोथी मूळचीच, लाल वस्त्रात बांधलेली, चौरंगावर. वर्गाच्या सुरुवातीला त्यातल्या पाच ओव्या एकाने मोठ्याने म्हणायच्या, समजोत वा न समजोत. मग गोष्ट, ज्या भाषेत पोरांचे डोळे चमकतील त्या भाषेत. बहुतेक वेळा ती अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी होते, होऊ द्या. छत्तिसाव्या-सदतिसाव्या अध्यायांतला आचारधर्म मुलांना सांगायचा नाही असे मी सुचवले, कारण त्यातला बराचसा भाग त्या काळच्या घराचा, विहिरीचा, चुलीचा आहे. यावर ज्येष्ठ सभासद नाराज झाले. "आज आचार गाळलात, उद्या काय गाळाल?" असे ते म्हणाले, आणि त्यांची ती शंका मी उडवून लावणार नाही. कमिशन कापायला लागले की हात सरावतो. म्हणून पोथीतून काही गाळायचे नाही, फक्त वर्गात सांगायचे नाही, यावर ते तयार झाले.

काही शब्दांची मात्र आम्ही यादी केली, ज्यांचे भाषांतर करायचे नाही. पादुका, औदुंबर, भिक्षा, माधुकरी, निर्गुण मठ, संगम. एका पुस्तकात पादुकांना सँडल्स म्हटलेले एका मुलाने दाखवले आणि सगळी मुले हसली. त्या हसण्यावरून मला जे सांगायचे होते ते आपोआप सिद्ध झाले. भिक्षेला बेगिंग म्हटले तर श्रीगुरू दारोदार फिरताना सिग्नलवरच्या माणसासारखे दिसू लागतात. अर्थ सांगावा, चार वाक्यांत सांगावा, घरी आलेल्या साधूला आजी काय वाढत असे ते सांगावे, पण शब्द तोच ठेवावा.

'अनुग्रह' या शब्दावर दोन रविवार गेले. इंग्रजीत ब्लेसिंग म्हणावे तर तो आशीर्वाद झाला. ग्रेस म्हणावे तर कॉन्व्हेंटमधल्या मुलींना लगेच समजले, पण त्यांना ते जेवणाआधीच्या प्रार्थनेचे नाव वाटले. एक मुलगा म्हणाला, "आजोबा, पासवर्ड दिल्यासारखं असतं का?" मी नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. शेवटी शब्द तसाच फळ्यावर लिहून ठेवला आणि गाणगापूरच्या त्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली, ज्याने श्रीगुरूंच्या शब्दाखातर उभे कोवळे पीक कापून टाकले आणि ज्याला सगळा गाव हसला. गोष्ट संपल्यावर मुले बराच वेळ भांडत होती की आपल्या बाबांनी असे पीक कापले असते का. एकही मूल इंग्रजीत भांडत नव्हते.